सगळंच शिकवून टाकता, मग तुमचं काय?

ठाण्यात नौपाड्याला माझा चांदीचे दागिने बनवायला शिकवायचा क्लास आहे, शनिवार-रविवार, आणि दर बॅचला कोणीतरी, बहुतेकदा मुलीला सोडायला आलेले बाबाच, विचारतात की ताई तुम्ही झाळ, म्हणजे चांदीचे तुकडे जोडायला वितळवतात तो धातू, बनवण्यापासून सगळं उघडं करून सांगता, उद्या यातलीच कोणी गोखले रोडला दुकान टाकून बसली तर? प्रश्न रास्त आहे. धंदा कळणाऱ्या माणसाला तो पडणारच.

त्यावर माझं उत्तर म्हणजे विल्यम स्प्रॅटलिंग नावाचा एक अमेरिकन. जन्म १९००, मूळचा आर्किटेक्ट, न्यू ऑर्लिन्सला तुलेन युनिव्हर्सिटीत शिकवायचा, ते सोडून १९२९ च्या सुमारास मेक्सिकोत टॅक्सको नावाच्या डोंगरातल्या गावात जाऊन राहिला. तिथे चांदीच्या खाणी स्पॅनिश लोक आले तेव्हापासूनच्या, अठराव्या शतकात होसे दे ला बोर्दा नावाच्या खाणमालकाने त्याच पैशावर सांता प्रिस्का हे भलंमोठं चर्च बांधलं, पण चांदी निघायची आणि बाहेर जायची, गावाच्या हाताला काही लागायचं नाही. स्प्रॅटलिंगने १९३१ मध्ये जवळच्या इग्वालाहून सोनार आणून वर्कशॉप काढलं आणि गावातली पोरं शिकायला घेतली.

त्याला सरसकट महान कारागीर म्हणतात ते मला नाही पटत हां. डिझाइन त्याचं, हात त्या सोनारांचे. पण पोरांना त्याने नुसतं ठोकायला नाही शिकवलं, मेक्सिकोच्या जुन्या मूर्ती, शिक्के, त्यावरची नक्षी बघायला लावलं, युरोपची कॉपी करू नका म्हणून, आणि चांदीला जोड दिली ती तिथल्याच ॲमेथिस्टची नाहीतर लाकडाची.

आणि मग बाबांना वाटतं तेच झालं! कास्तियो भाऊ बाहेर पडले, एक्तोर अगिलार बाहेर पडला, दोघांची वर्कशॉप १९३९ ची, मग अंतोनिओ पिनेदा, त्याच्या दागिन्यांवर तर स्वतःचा मुकुटाचा शिक्का. सगळे त्याच गावात. पण स्प्रॅटलिंग यांच्यामुळे बुडाला का? नाही. महायुद्धात युरोपचा माल बंद झाला, अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांच्या ऑर्डरी आल्या, कारागीर शेकड्यांनी वाढले, भांडवलासाठी बाहेरचा गुंतवणूकदार घेतला आणि १९४५ ला कंपनीच हातातून गेली. शिष्य राहिले बाजूला, घात केला शेअरनी. पुढे तो गावाबाहेरच्या रँचवर थोडंथोडं काम करत राहिला, १९६७ मध्ये कार अपघातात गेला. शिष्य तिथेच राहिले म्हणून आज टॅक्सको म्हटलं की चांदी, गिऱ्हाईक आधी गावात येतं मग दुकान शोधतं. आपल्या झवेरी बाजारात सगळे एकमेकांना खेटून बसतात ते काय जागा मिळत नाही म्हणून?

मी जिथे शिकले तिथले कारागीर काका झाळ बनवताना पाठ करून बसायचे. काय ते गुपित, तर साधारण दोन भाग चांदी, एक भाग पितळ. घ्या, सांगितलं. आता लावून दाखवा. सांध्याला लावलेला टाकणखार (बोरॅक्स) आधी पांढरा फुगतो, मग वितळून काचेसारखा होतो, तिथपर्यंत सगळ्यांना जमतं. नंतर नवीन माणूस ज्योत नेमकी झाळेवर धरतो आणि तिची गोळी होऊन तशीच बसते, कारण चांदी उष्णता चटकन सगळीकडे पसरवते, तेव्हा अख्खा दागिना तापवावा लागतो, मग एकदम सांध्यावरून चकचकीत रेघ पळते आणि त्या क्षणी हात मागे घ्यायचा. चांदी ९६१ डिग्रीला वितळते, झाळ त्याच्या बरीच आधी, पण जरा रेंगाळलात की बारीक तार गेलीच समजा. हे मी फळ्यावर लिहून देते, फोटो काढू देते, तरी प्रत्येकीच्या दोन-चार अंगठ्या जातातच.

माझी एक विद्यार्थिनी आता घणसोलीत स्वतःचे क्लास घेते. वाशी-नेरुळकडून फोन आला की मी तिचाच नंबर देते, आणि दगड बसवायचं काम तिच्याकडे आलं की ती माझ्याकडे पाठवते कारण तिला त्याचा कंटाळा आहे. फी मात्र तिने माझ्यापेक्षा पाचशेने जास्त लावलीये, त्यावर तिच्याशी बोलायचंय, म्हणजे मलाही वाढवता येईल.