मॅन्युफॅक्चरर की रिसर्चर? एका चौकटीपायी गेलेले चार महिने

अमेरिकेत कंट्रोल्ड सबस्टन्सवर, म्हणजे गैरवापराच्या धोक्यामुळे कायद्याने नियंत्रणात ठेवलेल्या औषधांवर, काम करायचं तर आधी राज्याचं रजिस्ट्रेशन आणि मग डीईएचं (अंमली पदार्थांवर लक्ष ठेवणारी केंद्र सरकारची संस्था), हा क्रम मला पाठ होता. अडले ते भलतीकडेच.

आमची कंपनी छोटी, जेनेरिक गोळ्या बनवणारी. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाची हळूहळू विरघळणारी गोळी डेव्हलप करायची होती, म्हणजे शेड्यूल टू, गैरवापराच्या धोक्यानुसार केलेल्या पाच याद्यांपैकी दुसरी, कडक नियमांची. रेग्युलेटरी, म्हणजे सरकारी परवानग्यांचं काम, माझ्याकडे, त्यामुळे फॉर्म माझ्याच गळ्यात. डीईएच्या नियमांत मॅन्युफॅक्चररचं रजिस्ट्रेशन असलं की त्यात मंजूर असलेल्या शेड्यूलच्या पदार्थांचं केमिकल अ‍ॅनालिसिस आणि प्रीक्लिनिकल (माणसांवरच्या चाचण्यांआधीचा) रिसर्च त्यातच करता येतं, वेगळा अर्ज नको. मी ते वाचलं होतं, पिवळं करून साहेबांना दाखवलंही होतं. साहेबांचा डोळा फीवर, मॅन्युफॅक्चररची वर्षाला ३,६९९ डॉलर आणि रिसर्चरची २९६, "मग आपण रिसर्चरच म्हणवून घेऊ की" असं त्यांचं चाललेलं, पण पुढे गोळ्या बनवून विकायच्या तर ते कसं चालणार. तर राज्याच्या फॉर्मवर मी फक्त 'मॅन्युफॅक्चरर'वर टिक केली आणि कामाच्या वर्णनात अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, 'रिसर्च आणि उत्पादन'.

तो 'रिसर्च' नडला.

सहा आठवडे काहीच नाही. मग पत्र, 'अर्ज अपूर्ण'. काय अपूर्ण ते नाही लिहिलेलं. फोन लावला, चाळीस मिनिटं होल्डवरचं संगीत वाजत राहिलं, शेवटी एक जण म्हणाला रिसर्चचा वेगळा फॉर्म लागतो, सोबत प्रोटोकॉल आणि मुख्य संशोधकाचा सीव्ही. बरं. दोन रात्री बसून प्रोटोकॉल लिहिला, पाठवला. तीन आठवड्यांनी दुसऱ्याचा फोन, एकाच पत्त्यावर दोन रजिस्ट्रेशन कशाला, रिसर्च काढून टाका. काढला. मग पुन्हा पत्र, 'रिसर्चचा फॉर्म जोडलेला नाही'!! मी खरंच ते पत्र हातात घेऊन पार्किंगमध्ये दोन फेऱ्या मारून आले, कारण केबिनमध्ये बोलले असते तर एचआरला कळलं असतं. इकडे डीईएचा अर्ज तसाच पडून, राज्याच्या लायसन्सशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि साहेब रोज चहाच्या वेळी "काय झालं गं त्याचं?"

चौथ्या फोनवर एक बाई भेटल्या. त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं, डीईएकडे जी सवलत आहे ती आमच्या राज्याच्या नियमांत नाही, दोन अर्ज करा, एकाच पाकिटात घाला आणि प्रत्येकावर दुसऱ्याचा उल्लेख करा. बस्स. हे पहिल्या पत्रात एका ओळीत मावलं असतं. मी म्हटलं हेच ईमेलवर लिहून द्याल का, तर त्यांनी दिलंसुद्धा. त्या ईमेलची प्रिंट मी दोन्ही अर्जांच्या वर लावली आणि अकरा दिवसांत लायसन्स हातात.

म्हणून सांगते, फॉर्म भरायच्या आधीच विचारा आणि उत्तर लेखी घ्या, फोनवरचं उत्तर माणूस बदलला की बदलतं. आणि डीईएला चालतं म्हणून राज्याला चालेल असं धरून चालू नका, प्रत्येक राज्याचं वेगळं असतं.

डीईएचा फॉर्म २२५ ऑनलाइन भरला, त्यात सांगण्यासारखं काही नाही. फक्त पत्ता दोन्हीकडे अक्षरशः सारखा ठेवा, इमारतीतल्या गाळ्याच्या नंबरसकट, कारण रजिस्ट्रेशन जागेला मिळतं, जागा बदलली की परत सगळं.

तिजोरीचं मात्र लक्षात ठेवा. शेड्यूल टू ठेवायला रिसर्चरला भक्कम कुलूपबंद कपाट चालतं, मॅन्युफॅक्चररला नाही, तिथे ठरलेल्या दर्जाची सेफ किंवा व्हॉल्ट, आणि सेफ ७५० पौंडांपेक्षा हलकी असेल तर जमिनीत नाहीतर भिंतीत पक्की बसवलेली. आमची हलकी निघाली. मग घरमालकाकडून फरशीत ड्रिल मारायची परवानगी, त्यात अजून एक आठवडा. इन्स्पेक्शनला आलेल्या माणसाने पहिलं काम काय केलं असेल तर त्या सेफला खांदा लावून ढकलून बघितलं. हलली नाही.

अरे हो, कोट्याचं राहिलंच. मॅन्युफॅक्चरर म्हणून शेड्यूल टूचा कच्चा माल घ्यायचा तर डीईएकडून खरेदीचा कोटाही लागतो, फॉर्म २५०. आम्हाला तो आठवला तेव्हा सेफ बसून झाली होती आणि आत ठेवायला एक ग्रॅमही नव्हता.