चंदेरी रंगात दसरा गेला

अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी टेस्टिंगला आहे, आम्ही स्मार्ट डोअरबेल बनवतो, म्हणजे बटण दाबलं की वाय-फायवरून मोबाईलवर दाराचा व्हिडिओ दिसतो. दसऱ्याला लाँच ठरलेलं, डीलरना तारीख कळवलेली, बॉक्ससुद्धा छापून आलेले. काळ्या बॉडीचे पीस सगळ्या टेस्टमध्ये पास. आणि ऐन वेळी मार्केटिंगवाल्यांना वाटलं की सणाला काळं कोण घेणार, म्हणून बॉडी चकचकीत चंदेरी झाली. रंगच तर आहे, त्याला कसली टेस्ट!

पहिल्या लॉटमधला पीस मी दाराला लावला, राउटर आतल्या खोलीत, बेल दाबली तर मोबाईल ढिम्म. त्याच जागी काळा पीस लावला, लगेच व्हिडिओ चालू. सॉफ्टवेअरवाला पोरगा आधी फर्मवेअरवर घसरला मग राउटरवर, शेवटी मी दोन्ही खोलून आतली सर्किटं अदलाबदल केली, तर चंदेरीत जे बसवू ते मुकं. ती चकाकी म्हणजे प्लास्टिकवर चढवलेला ॲल्युमिनियमचा पातळ थर, आणि अँटेना नेमका त्याच्या मागे. धातूतून सिग्नल बाहेर पडणार कसा?

मीटिंगमध्ये मार्केटिंगचे साहेब म्हणाले, "राउटर दाराजवळ ठेवा असं मॅन्युअलमध्ये टाकूया की." आमचे वर्क्स मॅनेजर शांतपणे म्हणाले, "त्यापेक्षा कडी वाजवा असंच लिहा ना."

मोठ्यांचंही असंच होतं म्हणा. सॅमसंगचा पहिला घडीचा फोन, गॅलॅक्सी फोल्ड, 2019 च्या एप्रिलमध्ये यायचा होता. मशीनवर घड्या घालून तपासलेला, 2 लाख घड्या सहन करेल असा दावा, पण रिव्ह्यूवाल्यांच्या हातात गेल्यावर काहींनी स्क्रीनवरचा थर साधा प्रोटेक्टर समजून सोलूनच काढला, बिजागरीच्या फटीतूनही कचरा आत जायचा. मग थराच्या कडा फ्रेमखाली दाबल्या, फटी झाकल्या आणि फोन आला सप्टेंबरमध्ये. मशीनला नखं नसतात हो. जिओफोन नेक्स्टचं कारण वेगळं, 2021 मध्ये चिपची टंचाई होती, गणेश चतुर्थीचा फोन दिवाळीवर गेला.

आमचं लाँच दिवाळीनंतर झालं. धातू नसलेला चंदेरी पेंट शोधायचा, तो टेप चिकटवून ओढल्यावर निघतो का बघायचं, परत पाण्याची टेस्ट, परत रेंज, आणि छापलेले बॉक्स अजून गोडाऊनला पडलेत. तेव्हापासून रंग, स्क्रू, स्टिकर काहीही बदललं तरी फॉर्मवर टेस्टिंगची सही लागते, ती नसेल तर स्टोअरवाले मालच सोडत नाहीत.

परवा मार्केटिंगचा फॉर्म आलाय, सोनेरी हवाय म्हणे.