ओले केस, वाजते कान

ड्रायर बंद केल्यावर मी लगेच उठत नाही. तो मांडीवर ठेवते, गरम प्लॅस्टिकचा वास नाकात असतो, आणि आरशाकडे तोंड करून तशीच बसून राहते. दारातून कोणी पाहिलं तर वाटेल, बाई या वयात स्वतःच्या रूपावर भाळली. मी मोजत असते. एक, दोन, तीन... अकरा-बारापर्यंत कानात काहीही नसतं. मग लांबून, महूकडून गाडी येताना ऐकू यावी तशी एक बारीक रेघ उमटते, हळूहळू जाड होते, आणि विसाच्या आत माझी शिट्टी तिच्या नेहमीच्या जागी येऊन बसलेली असते.

चार वर्षं झाली या शिट्टीला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर टिनिटस असं लिहिलंय. आयुर्वेदात कर्णनाद म्हणतात, पण तो शब्द माझ्या या किरकिरीला फारच भारदस्त वाटतो, कुणीतरी आत बसून रुद्रवीणा छेडतंय असा. आपला साधा शब्द आहे, कान वाजणे. पण त्याची पंचाईत अशी की मराठीत कान वाजतात ते नसलेली हाक ऐकू येणाऱ्याचे. पहिल्यांदा मी सासूबाईंना म्हटलं, "आई, माझे कान वाजतात हो," तर त्या निवडत असलेली मेथी बाजूला ठेवून म्हणाल्या, "कोणी हाक मारली?" कोणीच नाही हो आई, तीच तर तक्रार आहे.

सुरुवात एका लग्नात झाली. वरातीत डीजेची गाडी पुढे आणि आम्ही बायका तिच्या मागे, चोळी-पैठणी सांभाळत. छातीत धडधडत होतं, पण इंदुरात वरातीत छातीत धडधडलं नाही तर लोक मुलीकडचे कंजूष आहेत म्हणतात. रात्री घरी आले तर कानात सूंऽऽ. असं पूर्वीही व्हायचं आणि सकाळी जायचं. या वेळी सकाळ झाली, ते गेलं नाही.

मग कान तपासणीची ती खोली. जाड दाराची, कपाटाएवढी. कानांवर हेडफोन, हातात एक बटण, आणि आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडची मुलगी एकेक सूर पाठवत होती, बारीक, आणखी बारीक. आणि मी घामाघूम! कारण तिची शिट्टी कुठे संपते आणि माझी कुठे सुरू होते, तेच कळेना. दोन-तीनदा तर मी माझ्याच शिट्टीला बटण दाबलं. ती काचेआडून हसली. असं करणारी मी पहिली नसणार. शेवटी तिने माझ्या आवाजाशी जुळता सूर शोधून काढला, 6000 हर्ट्झच्या आसपास. पियानोची सगळ्यात शेवटची पट्टी 4186 हर्ट्झची असते, म्हणजे माझी शिट्टी पियानो संपतो त्याच्याही पुढे लागली आहे.

डॉक्टरांनी कानाचं चित्र काढून दाखवलं. अडीच वेढ्यांचा शंख, आत पाणी, आणि त्या पाण्यात उभ्या असलेल्या केसपेशी. आवाज आला की त्यांच्या टोकांवरचे केस हलतात आणि मेंदूला वर्दी जाते. एका कानात अशा पंधरा-सोळा हजार पेशी, जन्माच्या आधीच तयार झालेल्या. मोठ्या आवाजाने त्यातल्या काही झोपल्या की तिकडून वर्दी येईनाशी होते. मेंदूला ते पटत नाही. तो आपला रेडिओचा कान पिरगाळत बसतो, आवाज वाढवत, आणि स्टेशन बंद असल्याने नुसती खरखर मोठी होते. ही बहुतेक तीच. "परत उगवतात का त्या?" मी विचारलं. "कोंबडीच्या उगवतात," डॉक्टर म्हणाले, "माणसाच्या नाही."

आता बघा, डोक्यावर लाखभर केस. रोज पन्नास ते शंभर गळतात, ते आम्ही बोटाला गुंडाळून, उजेडाकडे धरून, हळहळत मोजतो. तेल लावतो, कांद्याचा रस लावतो, मेथ्या वाटून थापतो. ते बापडे परत उगवतात. कानातले पंधरा हजार कायमचे, त्यांची वेणीफणी कुणी केली नाही, आणि शेवटी डोक्यावरचे वाळवायला जो पंखा आणला त्याचं तोंड बरोबर कानातल्यांकडे.

उन्हाळ्यात हा प्रश्न येत नाही. माळव्याचा मे महिना केसांना दहा मिनिटंही ओलं राहू देत नाही, गच्चीवर पापड राखायला बसलं की पापडांच्या आधी केस वाळतात. शिवाय रात्रभर कूलर. खसाच्या ताट्यांतून पाणी ठिबकतंय, पंखा घरघरतोय, त्या घरघरीत माझी शिट्टी अशी विरघळते की वर्षातली सगळ्यात शांत झोप मला घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजात लागते. लोक शब-ए-माळव्याचं कौतुक करतात, दिवस कितीही तापला तरी या पठारावर रात्री गार वारा सुटतो म्हणून. कौतुक मलाही आहे. पण हिवाळ्यातल्या त्या नीरव, थंडगार रात्री पंखे बंद, कूलर माळ्यावर, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही, तेव्हा शब-ए-माळवा पूर्णपणे माझ्या डोक्यात भरते. मग मी तानपुरा लावते, फोनवरचा, अगदी हळू. युक्ती अशी की शिट्टी बुडवायची नाही, तानपुऱ्याला तिच्यापेक्षा किंचित खालीच ठेवायचं. दोघी शेजारी बसल्या की मेंदू हळूहळू दोघींकडेही दुर्लक्ष करतो. संथ ख्याल गाणाऱ्या अमीर खाँसाहेबांच्या गावात राहून स्वरावर इतका वेळ थांबायची सवय व्हायला कान बिघडावे लागले, हे मात्र जरा लागतं.

तर हिवाळा. पारा दहाच्या खाली, केस कंबरेपर्यंत (होते, आता खांद्याच्या थोडे खाली, बढाई नको), आणि रविवारचं न्हाणं. ओल्या केसांनी हिंडलीस तर सर्दी होईल, सर्दी झाली की कानात दडे बसतील, आणि दडे बसले की शिट्टी दुप्पट. हे शेवटचं कलम माझं, आधीची दोन आईची. मुलीने पुण्याहून ड्रायर पाठवला, 1200 वॅटचा, जांभळा.

पहिल्या दिवशी न्हाणीघरातच लावला. चारी बाजूंना टाइल्स, त्यात तो आवाज असा घुमला की संध्याकाळपर्यंत शिट्टीला सोबतीण मिळाली, एक खालच्या पट्टीतली. घाबरून डॉक्टरांना फोन केला. त्यांनी हिशेब सांगितला: 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करायचा. म्हणजे 88ला चार तास, 91ला दोन, 94ला एक. ड्रायर साधारण ऐंशी-नव्वदच्या घरात, तुमची दहा मिनिटं म्हणजे काहीच नाही. हिशेब मला पटला. कानाला पटला नाही. बरं नसलेल्या माणसाला जसं भांडं पडलेलंही सोसत नाही तसा काही जणांचा असा कान हळवा होतो, त्याला डेसिबलचे पाढे पाठ नसतात.

मग एकेक करून मी शिकले. न्हाणीघराऐवजी झोपायच्या खोलीत बसायचं, गाद्या-रजया आवाज पितात. वेग खालचा ठेवायचा. आणि हात लांब करायचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की सहा डेसिबल कमी होतात, त्यामुळे मी ड्रायर असा धरते की जणू जांभळं मांजर चावायला आलंय. खांदा दुखतो, पण खांद्याला शेक देता येतो.

कानात बोळे घालूनही पाहिले, फोमचे, पिळून आत सरकवायचे आणि ते फुगेपर्यंत थांबायचं. बाहेरचं जग गेलं आणि आतली शिट्टी सिंहासनावर बसली. शांततेत हे सगळ्यांचंच होतं म्हणे. 1953 साली अमेरिकेत हेलर आणि बर्गमन या दोघांनी चांगल्या कानांच्या 80 माणसांना आवाजबंद खोलीत बसवलं होतं, तर त्यातल्या 94 टक्के लोकांना काही ना काही ऐकू आलं, गुणगुण, शिट्टी, किर्र. हे वाचून मला दोन दिवस फार बरं वाटलं. तर बोळे घातलेले, ड्रायर चालू, आणि हे दाराबाहेर किल्ली विसरून पंधरा मिनिटं बेल वाजवत उभे. आत आले ते थेट स्वयंपाकघरात गेले, कारण गॅसवर दूधही होतं. "तू इथे केस वाळवून राहिलीस, आणि तिकडे दुधाची गंगा वाहून राहिली!" बोळे तेव्हापासून वरातींसाठी राखून ठेवलेत.

बिनआवाजाचा ड्रायर आमच्याकडे पूर्वी होता. माझ्या बाळंतपणात आईने धुपाटण्यात गोवरीचे निखारे घातले, वर ऊद आणि धूप टाकला, त्यावर वेताची टोपली पालथी घातली आणि माझे केस टोपलीवर पसरून ठेवले. मी उताणी, डोळे मिटून, कानाला फक्त निखाऱ्याची अधूनमधून होणारी चट् चट्. ओला केस त्याच्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पितो. तेवढं सगळं त्या धुराने अर्ध्या तासात हळूच काढून घेतलं, आणि दोन दिवस उशीला देवघराचा वास. गेल्या डिसेंबरात म्हटलं, करून बघू. फ्लॅटमध्ये गोवरी पेटवणं ही वेगळीच तपश्चर्या. धूर जिन्यात गेला. खालच्या मजल्यावरून काकू आल्या, "काय गं, सराफा इथेच मांडून राहिलीस की काय? गराडू तळतेस?" (सराफा म्हणजे आमचा रात्रीचा खाऊबाजार, गराडू हा तिथे तळून मिळणारा कंद.) मी डोळे पुसत, अर्ध्या ओल्या केसांनी, हो-नाही करत उभी.

त्यापेक्षा पंचा बरा. आजी आजोबांच्या जुन्या धोतराचे पंचे करायची. विरविरीत, शंभरदा धुतलेलं कापड, ते केसांना नुसतं दाबून धरलं तरी पाणी ओढून घ्यायचं. चोळायचं नाही, दाबायचं. आता धोतर नेसणारं घरात कोणी नाही, म्हणून मी यांचे जुने सुती बनियन फाडते. ते डोक्याला बांधून अर्धा तास काढला की ड्रायरचं काम निम्म्यावर येतं.

आजोबा मिलमध्ये मागावर होते. तेव्हा इंदुरात मिलांच्या भोंग्यावर घड्याळं लावायचे. घरात ते सगळ्यांशी ओरडून बोलायचे आणि आम्ही बोलताना डोळ्यांत न बघता ओठांकडे बघायचे, मला त्याची लाज वाटायची. टक्कल पडलेलं, तरी आंघोळ झाली की पंचाने डोकं पुसत ओसरीवर बसायचे. दिवाळीत मिल बंद असायची. आम्ही म्हणायचो, आज सुट्टी ना आजोबा? ते कानाजवळ हात नेऊन म्हणायचे, "छे, चालू आहे की." आम्ही पोट धरधरून हसायचो. निवृत्तीनंतरही म्हणायचे, चालू आहे. मिल खरोखर बंद पडली त्यानंतरही. विनोद जुना झाला म्हणून आम्ही हसायचं सोडून दिलं.

हे मला चार वर्षांपूर्वीच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत, हातात बटण असताना आठवलं.

आता त्या वीस सेकंदांबद्दल. मोठा, भरीव आवाज काही वेळ कानावर पडून थांबला की काही जणांची शिट्टी थोडा वेळ गप्प होते, हे कानाच्या डॉक्टरांना ठाऊक असलेलं आहे. कुणाची काही सेकंद, कुणाची मिनिटभर. कुणाची उलट वाढते. मला हे ड्रायरमुळे अपघाताने कळलं आणि तेव्हापासून माझी नियत फिरली. केस वाळले तरी मी मिनिटभर जास्त चालू ठेवते. ज्या आवाजापासून हात लांब करून पळते, त्याच्याकडेच आठवड्यातून एकदा शांतता मागायला जाते. मुलगी म्हणते, आई, तू व्यसनी आहेस. असेन. रोज धुत नाही केस, एवढाच काय तो संयम.

या रविवारी आजोबांसारखा बनियन डोक्यावर दाबून झाला, डावी बाजू वाळली, आणि उजवीकडे वळण्याआधी म्हटलं, जरा थांबावं, एक हप्ता मध्येच वसूल करावा. बंद केला. एक, दोन, तीन, चार. एवढी स्वच्छ शांतता की भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ऐकू आला. पाच. आणि गल्लीच्या तोंडाशी कचऱ्याची गाडी आली, भोंग्यावर गाणं लावून. 2017मध्ये आमचं शहर देशात सगळ्यात स्वच्छ ठरलं तेव्हापासून त्या गाण्यालाही जरा माज आलाय. गाडी कोणासाठी थांबत नाही, आणि यांचा पाय मुरगळलेला. मी दोन्ही डबे उचलून जिना उतरले, डावीकडचे केस भुरभुर उडतायत, उजवीकडून पाठीवर पाणी टपकतंय. गाडीवरच्या मुलाने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग डोक्याकडे.

"आंटी, गीला-सूखा अलग है ना?"