डिकीच्या रबरासाठी एवढी खटपट कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी बाळगणारी किंवा नुकतीच घेतलेली माणसं मला हमखास विचारतात: डिकीत पाणी येतंय, पण त्यासाठी झाकणाभोवतीचं अख्खं रबर कशाला बदलायचं? फटीत सिलिकॉन भरलं की भागत नाही का?

नाही भागत. आणि माझ्या लेखी मुख्य कारण पाणी नाहीच, धूर आहे.

गाडी पळत असते तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि सायलेन्सरचा धूर तिथेच घुटमळतो. रबर कडक होऊन फट पडली असेल तर तो डिकीत शिरतो, आणि सीटच्या पाठीमागून माणसं बसतात तिथे पोहोचतो. काचा थोड्या उघड्या असल्या की कधीकधी हे ओढणं वाढतंच. बहुतेक जुन्या पद्मिनींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, नाही. त्यांच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आजच्या गाड्यांपेक्षा कितीतरी जास्त, आणि त्या विषारी वायूला ना रंग, ना वास. मागे बसलेल्या मुलांचं डोकं दुखतं, मळमळतं. आपण म्हणतो, गाडी लागली. असं वारंवार होत असेल तर पावसाची वाट पाहू नका. सायलेन्सर आणि डिकीचं रबर, दोन्ही लगेच तपासा.

सिलिकॉनचं म्हणाल, तर बाजारात सहज मिळणाऱ्या ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते सुकताना ॲसिटिक ॲसिड सोडतं. उघड्या पत्र्याला त्याने गंजच चढतो. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे ना रंग नीट धरतो, ना रबराचा गोंद.

मात्र पाण्याचा सगळा दोष रबरावर टाकण्याआधी खात्री करा. मागच्या काचेचं रबर, टेललाइटखालचं गॅस्केट, नंबरप्लेटच्या दिव्याची जागा, इथूनही पाणी येतं. एकाला टॉर्च देऊन डिकीत वाकून बसवा, झाकण हाताने टेकवून धरा, लॉक करू नका, आणि बाहेरून पाइपने पाणी सोडा. आधी खाली, मग हळूहळू वर. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

पद्मिनी हे नाव 1974 पासूनचं. त्याआधी हीच गाडी कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 म्हणून निघत होती. उत्पादन थांबूनही आता वीस वर्षांच्या वर झाली. त्यामुळे रबर घ्यायला जाताना फक्त गाडीचं नाव सांगू नका, जुन्या रबराचा वीतभर तुकडा सोबत न्या. पुण्यात नाना पेठेत असो की मुंबईत कुर्ल्याला, दुकानदाराच्या हातात तुकडा ठेवला की काम होतं. जाडी आणि आकार तंतोतंत जुळायला हवा. जाड रबर घेतलं तर झाकण बसत नाही, मग लोक ते आपटतात. ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबर मिळालं तर तेच घ्या. ऊन आणि हवेतला ओझोन ते नैसर्गिक रबरापेक्षा फार चांगलं सोसतं.

खरी मेहनत आहे ती जुनं रबर निघाल्यावर. ते कुठल्या तोंडाने बसलंय याचा फोटो आधी काढा, मग ओढा. खाली बहुतेक वेळा गोंदाचा थर आणि त्याखाली गंज सापडतो, विशेषतः खालच्या कोपऱ्यांत, जिथे पाणी साचतं. हा भाग घाईत उरकला तर नवं रबर वाया गेलं म्हणून समजा. गोंद प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा. थिनर वापरायचाच तर फडक्याला लावून, थोडा, कारण तो रंगही उतरवतो. गंज पॉलिशपेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा, प्रायमर मारा, रंग द्या आणि पूर्ण वाळू द्या. पत्र्याला भोक पडलं असेल तर आधी वेल्डिंग. पुट्टीने बुजवलेली कड टिकत नाही.

बसवताना एकच गोष्ट पाळा: रबर ताणू नका. ताणलेलं रबर पुढे आक्रसतं आणि जोडाशी फट पडते. आधी गोंदाशिवाय सगळीकडे फिरवून बघा, कोपऱ्यांत उलट थोडं ढिलं सोडा, आणि जोड खाली, लॉकच्या बाजूला येऊ द्या. मग रबराला आणि पत्र्याला, दोन्हींना गोंद लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि दाबत जा. टोक किंचित जास्त ठेवून कापा म्हणजे दोन्ही टोकं एकमेकांवर रेटून बसतात.

पहिले काही दिवस झाकण जड लागेल. ते दाबून लावा, पण लॉक लगेच सरकवू नका. रबराला बसायला वेळ द्या. त्यानंतर कागदाची पट्टी मध्ये ठेवून झाकण बंद करा आणि ओढून बघा. जिथे पट्टी सहज निघते तिथे बिजागरी किंवा लॉक थोडं हलवावं लागेल. रबरावर ग्रीस, ऑइल काही लावू नका, त्याने ईपीडीएम फुगतं. टाल्कम पावडर पुरते.

हे सगळं गॅरेजवाल्याकडून करून घ्यायलाही हरकत नाही. फक्त प्रायमर मारण्याआधी जाऊन पत्रा स्वतःच्या डोळ्यांनी बघा.