घरचा सी कंपायलर, पुढचा टप्पा: एक्स्टर्नल व्हेरिएबल डीबगरला सांगायचं कसं

मागच्या भागात ओळींचा तक्ता लागला, जीडीबी या डीबगरमध्ये (चालू प्रोग्रॅम थांबवून आत डोकावायच्या साधनात) ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबायची खूण, लावून एकेक ओळ पुढे सरकता यायला लागलं. या वेळी व्हेरिएबल्स घेतली. लोकल व्हेरिएबल्स पटकन झाली: फ्रेमपासूनचं (फंक्शनच्या स्टॅकवरच्या जागेपासूनचं) अंतर लिहायचं आणि मोकळं व्हायचं. ग्लोबलचा पत्ता तर ठरलेलाच असतो, म्हणजे ती आणखी सोपी असणार असं वाटतं. पत्ता खरंच सोपा आहे. सगळा वेळ खाल्ला तो लिंकेजने.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: माझा कंपायलर एक्स८६-६४ प्रोसेसरसाठी असेंब्ली लिहितो, पुढचं काम जीएनयूचे असेंबलर आणि (सगळ्या फाइली जोडणारा) लिंकर करतात. डीबग माहिती ड्वार्फ ५ च्या रूपात, म्हणजे डीबगरला वाचता येईल अशा ठरलेल्या साच्यात. ‘डीडब्ल्यू_टॅग’, ‘डीडब्ल्यू_एटी’ हे उपसर्ग खाली सगळीकडे गाळलेत, नाहीतर वाचवणार नाही.

सीमध्ये एका नावाबद्दल तीन प्रश्न असतात. ते मजकुरात कुठून कुठपर्यंत दिसतं? त्याची जागा किती काळ टिकते? आणि दुसऱ्या फाइलीत याच नावाचं जे आहे, ते हेच का? पहिला प्रश्न स्कोपचा, तिसरा लिंकेजचा. एकाचं उत्तर माहीत असलं म्हणून दुसऱ्याचं कळत नाही. फंक्शनच्या आतलं ‘स्टॅटिक इंट मोजणी’ त्या फंक्शनापुरतंच दिसतं, टिकतं मात्र प्रोग्रॅम संपेपर्यंत, आणि लिंकेज त्याला मुळीच नाही. तीच ओळ फंक्शनबाहेर लिहिली की लिंकेज इंटर्नल, म्हणजे त्या फाइलीपुरतं. ‘स्टॅटिक’ खोडलं की एक्स्टर्नल, म्हणजे सगळ्या फाइलींत एकच. माझ्या सिम्बॉल टेबलात (नावांच्या यादीत) ‘ग्लोबल का लोकल’ एवढा एकच बिट होता. कोड काढायला तो पुरत होता, ड्वार्फ लिहायला पुरत नाही. म्हणून आता तीन स्वतंत्र फील्ड्स केली आहेत.

ड्वार्फनेही तिन्ही गोष्टी वेगळ्याच ठेवल्यात आणि ते मला फार आवडलं. नोंदीचा प्रकार सांगणारा टॅग एकच, ‘व्हेरिएबल’. स्कोप कळतो नोंद ड्वार्फच्या नोंदींच्या झाडात कुठे टांगली आहे त्यावरून: कंपाइल युनिटखाली (म्हणजे पूर्ण सोर्स फाइलीखाली), फंक्शनखाली, की एखाद्या ब्लॉकखाली. जागा सांगतं ‘लोकेशन’. आणि लिंकेजसाठी ‘एक्स्टर्नल’ नावाचा एक झेंडा, असला तर आहे, नसला तर नाही. इंटर्नल लिंकेज आणि लिंकेजच नसणं यांत तो झेंडा फरक करत नाही. तो फरक झाडातल्या जागेवरूनच समजून घ्यायचा.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ड्वार्फच्या पहिल्या आवृत्तीत ‘ग्लोबल व्हेरिएबल’ आणि ‘लोकल व्हेरिएबल’ असे दोन निराळे टॅग होते, आणि फाइल स्कोपचं स्टॅटिक व्हेरिएबल त्यातल्या ‘लोकल’मध्ये जायचं. म्हणजे टॅगचं नाव स्कोपचं आणि अर्थ लिंकेजचा. १९९३ च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन्ही टॅग एकत्र करून झेंडा आणला. त्याआधीच्या स्टॅब्स या डीबग साच्यात अक्षरं होती: ग्लोबलला ‘जी’, फाइलीतल्या स्टॅटिकला ‘एस’, फंक्शनातल्या स्टॅटिकला ‘व्ही’. गंमत म्हणजे स्टॅब्सच्या ग्लोबल नोंदीत पत्ताच नसायचा. डीबगरने तो लिंकरच्या सिम्बॉल टेबलातून शोधून आणायचा. जीसीसी या जीएनयूच्या कंपायलरने स्टॅब्स तेराव्या आवृत्तीत काढूनच टाकलं.

झेंडा लिहायला फुकट आहे, अगदी शब्दशः. ड्वार्फ ४ पासून ‘फ्लॅग_प्रेझेंट’ हा फॉर्म मिळतो. तो संक्षेपांच्या तक्त्यात (जिथे नोंदींचे साचे एकदाच लिहिलेले असतात) नोंदला जातो आणि प्रत्यक्ष नोंदीत एकही बाइट घेत नाही. त्यामुळे एक्स्टर्नल व्हेरिएबलला एक संक्षेप आणि फाइलीतल्या स्टॅटिकला दुसरा, अशी जोडी करावी लागली. लोकेशन दोघांचं सारखंच: लांबी ९, मग ०३ हा ‘अ‍ॅड्रेस’चा ऑपकोड, मग आठ बाइटांचा पत्ता. असेंब्लीत पत्त्याच्या जागी सिम्बॉलचं नाव लिहितो, बाकीचं रिलोकेशन, म्हणजे लिंकरने नंतर खरा पत्ता भरणं, बघून घेतं. ऑब्जेक्ट फाइल (लिंक होण्याआधीची) तपासणीच्या रीडएल्फ साधनाने उघडली आणि सगळे पत्ते शून्य दिसले तर घाबरू नका, लिंक झाल्यावर ते भरतात.

आता ‘झेंडा नाही लावला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न. छोट्या चाचण्यांमध्ये काहीच बिघडत नाही, आणि हीच अडचण आहे. जीडीबी नाव शोधताना आधी चालू ब्लॉक आणि त्याच्या बाहेरचे ब्लॉक बघतो, मग चालू फाइलीतली स्टॅटिक, मग सगळ्या फाइलींमधली ग्लोबल, आणि शेवटी दुसऱ्या फाइलींमधली स्टॅटिकसुद्धा. त्या शेवटच्या पायरीवर बिनझेंड्याचं ग्लोबल सापडतंच. म्हणून चाचणी अशी केली: दोन फाइलींत ‘स्टॅटिक इंट मोजणी’, तिसरीत नुसतं ‘इंट मोजणी’, आणि चौथ्या फाइलीत, जिथे हे नावच नाही, तिथे थांबून छापायचं. झेंडा असला तर तिसरीतलं मिळायला हवं. नसला तर जे आधी सापडेल ते.

शेअर्ड लायब्ररीत झेंड्याला आणखी काम आहे. लायब्ररीतलं ग्लोबल व्हेरिएबल मुख्य प्रोग्रॅमने थेट पत्त्याने वापरलं की लिंकर कॉपी रिलोकेशन करतो: खरी जागा मुख्य प्रोग्रॅमच्या बीएसएसमध्ये (सुरुवातीला शून्य असलेल्या डेटाच्या भागात) जाते आणि लायब्ररीचा कोडही तीच वापरतो. लायब्ररीचं ड्वार्फ मात्र अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवत असतं. नवे जीडीबी हे ओळखतात, पण ही तपासणी ते एक्स्टर्नल व्हेरिएबलसाठीच करतात. करायलाही तशीच हवी, इंटर्नल लिंकेजवाल्याची अशी प्रत होऊच शकत नाही.

सगळ्यात मजा आली ती ब्लॉकच्या आतल्या ‘एक्स्टर्न’मध्ये (‘याची व्याख्या दुसरीकडे आहे’ असं सांगणारा शब्द). बाहेर ‘इंट धावा = १८३’. आकडा ओळखीचा वाटला तर वाटू द्या. मेनच्या आत लोकल ‘इंट धावा = ३’. त्याच्याही आत एक ब्लॉक, त्यात ‘एक्स्टर्न इंट धावा’, आणि पुढच्या ओळीवर ब्रेकपॉइंट. तिथे ‘धावा’ म्हणजे किती? सीचा नियम असा: आतल्या ‘एक्स्टर्न’ला आधीचं जे दिसतंय त्याला लिंकेज असेल तर तेच मिळतं, नसेल तर एक्स्टर्नल. इथे दिसतंय ते लोकल, त्याला लिंकेज नाही, म्हणून आतलं नाव एक्स्टर्नल. उत्तर १८३.

पण ड्वार्फमध्ये त्या आतल्या ब्लॉकसाठी काहीच लिहिलं नाही, तर डीबगर एक पायरी बाहेर येतो, लोकल बघतो आणि बिनदिक्कत ३ सांगतो. कोड बरोबर आणि डीबगर खोटा. याचा उपाय म्हणजे ब्लॉकखाली एक व्हेरिएबलची नोंद करायची: नाव, टाइप, ‘एक्स्टर्नल’ आणि ‘डिक्लरेशन’. लोकेशन द्यायचं नाही. जीडीबी अशी नोंद ‘पत्ता नंतर शोधायचा’ म्हणून बाजूला ठेवतो आणि एल्फच्या, म्हणजे तयार प्रोग्रॅम फाइलीच्या, सिम्बॉल टेबलातून पत्ता काढतो. स्टॅब्सची जुनी युक्तीच म्हणा.

त्यासाठी ब्लॉकची नोंद काढण्याची अटही बदलली. फ्रेममध्ये जागा घेणारं काही नसेल तर मी ब्लॉक गाळत होतो, फाइल लहान राहते म्हणून. आता ब्लॉकमध्ये कुठलंही डिक्लरेशन असलं तरी नोंद निघते. याच उदाहरणात बाहेरचं ‘धावा’ स्टॅटिक केलं, तर एकाच नावाला एकाच फाइलीत इंटर्नल आणि एक्स्टर्नल अशी दोन्ही लिंकेज मिळतात, आणि सीचं मानक (स्टँडर्ड) त्याला अनिश्चित वर्तन म्हणतं. मी तिथे सरळ एरर देतो.

हेडरमधल्या ‘एक्स्टर्न’बद्दल मात्र फार डोकं लावलं नाही. वापरलेलंच नसेल तर नोंद नाही, नाहीतर एक हेडर घेतलं की नको ती नावं आत येतात. वापरलंय पण व्याख्या दुसऱ्या फाइलीत आहे, तर ‘डिक्लरेशन’वाली नोंद. डिक्लरेशन आणि व्याख्या दोन्ही याच फाइलीत असतील तर जीसीसी दोन नोंदी काढतो: पहिलीत नाव, टाइप आणि झेंडे, दुसरीत लोकेशन आणि ‘स्पेसिफिकेशन’ने पहिलीकडे बोट. क्लँग हा दुसरा कंपायलर एकच काढतो. सीपुरता मला क्लँगचाच मार्ग पटतो. ‘स्पेसिफिकेशन’ खरं उपयोगी पडतं सी++ मध्ये, क्लासमधल्या स्टॅटिक मेंबरला, कारण तिथे डिक्लरेशन क्लासच्या आत आणि व्याख्या बाहेर असते. तसंही ‘इंट धावा;’ असं अर्धवट लिहिलेलं असेल तर ती व्याख्या आहे की नाही हे फाइल संपल्यावरच ठरतं, त्यामुळे एक्स्टर्नल नोंदी सगळ्यात शेवटी छापणं सोयीचं गेलं.

वीक सिम्बॉलचं (त्याच नावाची साधी व्याख्या असली की माघार घेणाऱ्या नावाचं) एक विचित्र दृश्य मुद्दाम करून पाहिलं. एका फाइलीत वीक ‘धावा’, दुसरीत साधं. लिंकर दुसरं निवडतो. पण पहिल्या फाइलीच्या नोंदीतला पत्ताही नावावरूनच भरला जातो, म्हणजे नोंद म्हणते ‘माझी व्याख्या पहिल्या फाइलीत, अमुक ओळीवर’ आणि पत्ता असतो दुसरीतला. किंमत बरोबर छापली जाते, ओळ चुकीची. यावर कंपायलरच्या हातात काही नाही, मी तसंच सोडलंय.

नावं देवनागरीत ठेवण्यामागे हौस होतीच, शिवाय तपासणीही होती. ड्वार्फ ३ पासून कंपाइल युनिटवर ‘यूटीएफ-८ वापरलंय’ असं सांगणारं अ‍ॅट्रिब्यूट आहे, ते लावलंय. जीसीसीही दहाव्या आवृत्तीपासून अशी नावं थेट घेतो, त्यामुळे दोन्हींचं आउटपुट शेजारी ठेवून ताडता येतं.

थ्रेड-लोकल, म्हणजे प्रत्येक थ्रेडसाठी वेगळी प्रत असलेलं व्हेरिएबल, बाकी आहे. त्याला ठरलेला पत्ता नसतो. थ्रेडच्या भागातलं अंतर ढकलायचं आणि त्यावर ‘फॉर्म_टीएलएस_अ‍ॅड्रेस’ चालवायचं, म्हणजे रिलोकेशनचा प्रकारही निराळा. ‘एक्स्टर्नल’चा झेंडा तिथेही जसाच्या तसा लागतो. त्यानंतर नावांच्या अनुक्रमणिकेचा ‘डीबग_नेम्स’ सेक्शन घेणार आहे. कुणी तो हाताने लिहिला असेल तर हॅशचे बकेट्स कसे ठरवलेत ते जरूर कळवा.