ऑडीला हिमरूचं छत

माझी ऑडी ए६ सेकंडहँड घेतलेली असली तरी ती इथलीच, संभाजीनगरची आहे. सुटे भाग बाहेरून आले, पण जोडणी झाली शेंद्र्याच्या कारखान्यात. जालना रोडने येता-जाता तो दिसतो. २०१० साली आमच्या शहरातल्या लोकांनी एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज घेतल्या, तेव्हापासून संभाजीनगरात महागड्या गाडीचं कुणाला अप्रूप नाही. मला हवी होती आत बसताच इथली वाटेल अशी गाडी.

निमित्त उन्हाळ्याने दिलं. छताचं कापड लोंबून मागे बसणाऱ्यांच्या डोक्याला लागायला लागलं. त्या कापडाच्या पाठीला पातळ स्पंज असतो. वर्षानुवर्षं पारा बेचाळिशीला टेकला की स्पंजाचा भुगा होतो आणि कापड सुटतं. नवं कापड लावायचंच होतं, मग ते हिमरूचं का नको? सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) रेशमी बाणा (आडवे धागे) टाकून विणलेलं हे आमच्या शहराचं कापड. तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला आणली, तिच्याबरोबर विणकर आले असं इथे सांगतात.

मला आधी सीटसुद्धा हिमरूच्याच हव्या होत्या. कुशनचं काम करणाऱ्या चाचांनी कापड उलटं करून दाखवलं. पाठीवर रेशमाचे मोकळे धागे आडवे पसरलेले. "सीटपे नक्को बेटा, घिस जाएगा." शिवाय पुढच्या सीटच्या कुशीत एअरबॅग असते, तिच्यावर मनाचं कव्हर चढवायचं नसतं. छताला मात्र कुणाची पाठ घासत नाही.

जुन्या शहरातल्या विणकरांकडून गडद हिरव्यावर सोनेरी वेलीचा तागा घेतला. पन्हा छताच्या रुंदीला पुरेना, म्हणून मधे अखंड पट्टा आणि दोन्ही बाजूंना साधं हिरवं रेशीम असं ठरलं. मला तर अख्ख्या छतभर नक्षीपेक्षा हेच जास्त आवडलं, डोळ्याला विसावा मिळतो.

छत उतरवताना आधी बॅटरी सोडली, थोडा वेळ जाऊ दिला, मग खांबांवरची आवरणं काढली. तिथे अपघातात खिडकीवर पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असतात, त्यामुळे घाई नाही. ज्यावर कापड चिकटवलेलं असतं तो छताचा पाटा न वाकवता पुढच्या दारातून बाहेर काढायला तिघं लागले. त्यावरचा पिवळट चिकट भुगा नायलॉनच्या ब्रशने खरवडून काढला. हे सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. भुग्यावर लावलेलं कापड पुढच्या वैशाखात पुन्हा खाली येणार.

खरी कसोटी गोंदाची होती. हिमरू पातळ, स्प्रेचा गोंद आरपार येऊन डाग पडतो. आम्ही तुकड्यावर करून पाहिलं आणि तसंच झालं. उपाय सापडला शिंप्याकडे. जॅकेटच्या कॉलरला लावतात ते फ्यूजिंग इस्त्रीने पाठीवर बसवलं, त्यावर पातळ स्पंज आणि मग जास्त उष्णता सोसणारा गोंद. मोकळे धागेही त्याने बांधले गेले. चाचांनी पाट्यावर खडूने मधली रेघ मारली, वेलीचा देठ त्या रेघेवर ठेवला आणि तळहाताने मधून कडेकडे दाबत गेले. सनरूफच्या कोपऱ्यांवर कापड दुमडताना त्यांनी सगळ्यांना बोलणं बंद करायला लावलं.

आतल्या दिव्यांच्या जागी पिवळसर प्रकाशाचे एलईडी घातले. पांढऱ्या उजेडात सोनेरी धागा राखाडी दिसतो, पिवळ्यात तो उठून येतो.

बाहेरून गाडी होती तशीच आहे. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, काळ्या काचा, खाली दाबलेलं सस्पेन्शन हे मला आवडत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ नोंदीला धक्का लावणारे बदल चालतही नाहीत. रंग बदलायचा तरी आरटीओत जाऊन आरसीवर नोंद करून घ्यावी लागते. आतल्या कापडाचं मात्र तसं नाही. जे काही सांगायचंय ते मी त्या कापडातून सांगतो.

छत बसवलं त्या दिवशी विणकर दादांना बोलावलं. ते मागच्या सीटवर रेलून बराच वेळ वर बघत राहिले. मग एका ठिकाणी बोट टेकवून म्हणाले, "इथं माझा धागा तुटला होता, जोड दिलाय. दिसतोय का?" मला दिसला नाही. आता दारांच्या आतल्या पट्ट्यांसाठी बदामाच्या नक्षीचा तागा त्यांच्याकडेच सांगून ठेवलाय.