पान २१४ वरचा दिवा

मी एका प्रकाशनसंस्थेत संपादक आहे आणि गेली अकरा वर्षे पोलीस तपासाच्या एका दीर्घ कादंबरीमालिकेचे काम माझ्याकडे आहे. मालिकेचे, लेखिकेचे आणि ज्यांच्या पत्राविषयी मी सांगणार आहे त्या वाचक बाईंचे नाव मी येथे देत नाही. मालिकेची नायिका गुन्हे शाखेत अधिकारी आहे, तिचा नवरा पूल बांधणारा अभियंता आहे. चौथ्या पुस्तकात त्यांची भेट झाली, सहाव्यात त्यांनी संसार मांडला, आणि तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात एक खून उकलतो व त्या दोघांचे नाते एखादे पाऊल पुढे किंवा मागे सरकते. सतराव्या पुस्तकाची पहिली आवृत्ती आमच्या अंदाजापेक्षा लवकर संपली. पुनर्मुद्रणाची फाइल ज्या दिवशी संध्याकाळपर्यंत छापखान्यात पोहोचायची होती, त्याच दिवशी सकाळी मी वाचकांच्या अभिप्रायांचा गठ्ठा घेऊन बसले होते, कारण अठराव्या पुस्तकाचा आराखडा ठरण्यापूर्वी त्या अभिप्रायांचा गोषवारा लेखिकेच्या हाती द्यावा लागतो.

या पुस्तकात संशयाची सुई प्रथमच नायिकेच्या नवऱ्याकडे वळते. खून झालेला माणूस त्याचा जुना भागीदार असतो, मृताने शेवटचा फोन त्यालाच केलेला असतो, आणि संशयित घरातलाच असल्यामुळे वरिष्ठ नायिकेला तपासातून बाजूला करतात. साहजिकच अभिप्राय दोन टोकांचे होते. प्रेमकथेने तपास गिळून टाकला, असे काहींचे म्हणणे होते, तर न्यायवैद्यक तपशिलांच्या गर्दीत ती दोघे एकमेकांशी धड चार वाक्ये बोलत नाहीत, अशी इतरांची तक्रार होती. खुन्याच्या नजरेतून लिहिलेल्या प्रकरणांमुळे तो कोण हे साठाव्या पानाच्या आसपासच कळते, हा आक्षेप तर अनेकांनी घेतला होता. तो मला फारसा पटत नाही. प्रेमकथा आणि थरार एकत्र बांधणाऱ्या कादंबरीत ‘खुनी कोण’ यापेक्षा ‘या दोघांचे काय होणार’ हा प्रश्न वाचकाला रात्री जागवतो, आणि मालिकेत तर ती दोघे एकत्र आलेलीच असतात, त्यामुळे उत्कंठा केवळ विश्वासातूनच निर्माण करावी लागते: ज्याच्या शेजारी आपण रोज झोपतो, त्याला आपण खरोखर ओळखतो का?

हा वाद आमच्या मालिकेपुरता नाही, गुन्हेकथेइतकाच जुना आहे. अमेरिकन रहस्यकथाकार एस. एस. व्हॅन डाइन यांनी १९२८ मध्ये गुन्हेकथेचे वीस नियम लिहिले, त्यांतल्या तिसऱ्याच नियमाने प्रेमप्रकरणाला दाराबाहेर ठेवले. इंग्लिश रहस्यकथालेखिका डोरोथी सेयर्स यांनीही त्याच सुमारास एका संग्रहाच्या प्रस्तावनेत प्रेमप्रकरणाला गुन्हेकथेच्या पायातली बेडी मानले होते, आणि १९३० मध्ये त्याच सेयर्सबाईंनी आपल्या कथांचा हौशी गुप्तहेर लॉर्ड पीटर विम्झी याला भर न्यायालयात, विषप्रयोगाच्या आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या हॅरिएट व्हेनच्या प्रेमात पाडले. हॅरिएटने त्याला होकार दिला तो १९३५ मध्ये, आणि १९३७ च्या कादंबरीला तर सेयर्सबाईंनी ‘अधूनमधून तपासाचा व्यत्यय येणारी प्रेमकथा’ अशा अर्थाचे उपशीर्षकच दिले. आजही नोरा रॉबर्ट्स यांनी १९९५ मध्ये जे. डी. रॉब या नावाने सुरू केलेली पोलीस अधिकारी ईव्ह डॅलस आणि तिचा जोडीदार रोर्क यांची मालिका पन्नासहून अधिक कादंबऱ्यांपर्यंत चालत आली आहे, आणि प्रत्येक वेळी नवा खुनी आणणाऱ्या त्या मालिकेत वाचक पुन्हा पुन्हा भेटायला येतात ते त्याच दोघांना. त्यामुळे ‘प्रेम जास्त झाले’ आणि ‘प्रेम कमी पडले’ हे दोन्ही अभिप्राय मी वर्षानुवर्षे एकाच गठ्ठ्यात टाकत आले आहे. त्या गठ्ठ्यावर मी ‘रुचीभेद’ असे लिहिते आणि गोषवाऱ्यात त्याला दोन ओळी देते.

साडेअकराच्या सुमारास एक जाड पाकीट उघडले. आत आखीव कागदाची सात पाने होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, अक्षर टपोरे आणि कोठेही खाडाखोड नाही. पत्र लिहिणाऱ्या बाई निवृत्त परिचारिका होत्या आणि सतरावे पुस्तक हातात घेण्यापूर्वी त्यांनी आधीची सोळा पुस्तके क्रमाने पुन्हा वाचली होती. पहिल्या दोन पानांत मनापासून केलेले कौतुक होते. तिसऱ्या पानापासून त्यांनी एकच गोष्ट लावून धरली होती. नायिका रात्री कितीही उशिरा परतली, तरी तिचा नवरा ती घरात पाऊल टाकेपर्यंत जिन्यातला दिवा मालवत नाही. ही गोष्ट सहाव्या पुस्तकात प्रथम येते, आणि त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकात ती कोठे आली आहे, ते पान बाईंनी नोंदवले होते. नवव्या पुस्तकात भांडण होऊन ती दोघे एकमेकांशी बोलत नसतात, तेव्हाही दिवा जळत असतो. तेराव्यात तो परगावी असतो, तर शेजाऱ्यांना सांगून तो दिवा लावून ठेवतो. सतराव्या पुस्तकात मात्र २१४ व्या पानावर ती मध्यरात्रीनंतर घरी येते, भिंतीला हात लावत अंधारात जिना चढते, आणि त्या अंधाराविषयी पुढे कोणी चकार शब्द काढत नाही.

‘मी चोवीस वर्षे रात्रपाळी केली,’ बाईंनी लिहिले होते, ‘अंधारा जिना म्हणजे काय, ते मला सांगावे लागत नाही. ते पान वाचले आणि यानेच खून केला, असे मी धरून चालले. पुढची शंभर पाने मी त्याच्यावर पाळत ठेवून वाचली. शेवटी तो निर्दोष ठरला, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. पण दिवा कोणी मालवला, ते तुम्ही सांगितलेच नाही.’

पत्र हातात तसेच राहिले. दिवा कोणी मालवला, ते मला ठाऊक होते.

मूळ हस्तलिखितात त्या ठिकाणी चार पानांचा एक प्रसंग होता. घरासमोर अनोळखी गाडी उभी असल्याचे नवऱ्याच्या लक्षात येते. जिन्यातला दिवा चालू असला, तर दारात उभी राहिलेली त्याची बायको रस्त्यावरून स्वच्छ दिसेल, हे त्याला उमगते. इतक्या वर्षांत प्रथमच तो दिवा बंद करतो आणि अंधारात शेवटच्या पायरीवर तिची वाट पाहत बसून राहतो. ती वर येते, तिचा हात त्याच्या खांद्याला लागतो, आणि तो काही सांगण्याआधीच तिला सारे कळते. त्या क्षणी ती त्याच्यावर विश्वास ठेवायचे ठरवते. पुस्तक मात्र वीस फॉर्ममध्ये (छपाईचा एक फॉर्म सोळा पानांचा), म्हणजे ३२० पानांत बसवायचे होते आणि मजकूर चार पानांनी वर जात होता. अखेरची चार पाने मालिकेतल्या आधीच्या पुस्तकांच्या जाहिरातीसाठी राखून ठेवलेली होती. तपास पुढे नेत नाही, असा शेरा मारून मी तो प्रसंग काढायला सुचवले, आणि आजारपणातून नुकत्याच उठलेल्या लेखिकेने माझ्यावर भरवसा ठेवून संमती दिली. त्याच्या आधीचे अंधाऱ्या जिन्याचे वर्णन मात्र मी जागेवरच राहू दिले. प्रसंग काढताना त्याचा मागचा धागा कोठवर गेला आहे हे पाहणे संपादकाचे पहिले काम असते, आणि ते माझ्या हातून झाले नाही.

मी ‘रुचीभेद’ लिहिलेला गठ्ठा पुन्हा सोडला. या वेळी मत बाजूला ठेवून, वाचक नेमके कोठे अडखळले, तेवढेच शोधत वाचले. एकाने लिहिले होते की पुस्तकाच्या उत्तरार्धात नवरा परका वाटू लागतो. दुसऱ्या बाईंना नायिकेने त्याच्यावर ठेवलेला विश्वास ‘अचानक’ वाटला होता. ‘प्रेम कमी पडले’ असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांचा रोख दोनशे पानांच्या पुढच्या भागाकडेच होता. एका तरुण वाचकाने तर जाता जाता म्हटले होते, ‘जिन्यातला दिवा त्या रात्री बहुधा गेला असावा.’ ते वाक्य सकाळी मी वाचले होते आणि पुढे गेले होते.

त्या एका वाक्याने मला फार अस्वस्थ केले, कारण जीव लावणारे वाचक पूर्वीपासून हेच करत आले आहेत. आर्थर कॉनन डॉयल यांच्या १८९१ मधल्या एका कथेत शेरलॉक होम्सचा मित्र डॉक्टर जॉन एच. वॉटसन याची बायको त्याला ‘जेम्स’ अशी हाक मारते. ही उघड चूक होती, पण सेयर्सबाईंनी पुढे तिचाही उलगडा करून दाखवला: वॉटसनच्या नावातला मधला ‘एच’ म्हणजे हॅमिश असणार, हॅमिश हे जेम्सचेच स्कॉटिश रूप, तेव्हा बायको लाडाने मधल्या नावाने हाक मारत असणार. पुस्तकावर माया असलेला वाचक लेखकाची चूक अशी स्वतःच्या अंगावर घेतो. त्या तरुणानेही आमच्यासाठी दिव्याची चूक सांधून दिली होती. परिचारिका बाईंनी तसे केले नाही, आणि त्यांनी तसे केले नाही याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

एक वाजता मी लेखिकेला फोन केला आणि पत्रातली दिव्याविषयीची पाने वाचून दाखवली. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तो प्रसंग तुमच्याकडे आहे का अजून?”

“आहे,” मी म्हणाले, “आणि चूक माझी आहे, ताई. मी तो काढायला सांगायला नको होता.”

“संमती मी दिली होती. आता परत बसवता येईल का, तेवढे बघा.”

निर्मिती विभागाचे म्हणणे होते की पाने वाढली तर पाव फॉर्म वेगळा छापावा लागेल आणि बांधणी लांबेल. त्यावर, जाहिरातीची चार पाने काढून टाकावीत, असे मी सुचवले. विक्री विभागाने हरकत घेतली. आधीच्या पुस्तकांची यादी पाहूनच नवा वाचक मालिकेत मागे वळतो, हा त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मी त्यांच्यासमोर ते पत्र ठेवले. इतक्या पुस्तकांतले पानांचे क्रमांक पाहून तिथल्या मुलीने पत्र माझ्या हातात परत दिले आणि म्हणाली, “मॅडम, यादी मलपृष्ठावर बारीक टाइपात घेऊ.”

२१४ व्या पानापुढचा सगळा मजकूर चार पाने खाली सरकला. प्रत्येक प्रकरणाचा आरंभ, प्रत्येक पानाचा शेवट, अर्धवट सुटलेल्या ओळी, सारे पुन्हा तपासावे लागले. मी आणि मुद्रितशोधक समोरासमोर बसलो. ते मोठ्याने वाचत होते, मी प्रुफावरून बोट फिरवत होते. त्या चार पानांपाशी आल्यावर त्यांचा आवाज आपोआप खाली आला. फाइल सात वाजता गेली.

त्या चार पानांची छापील प्रत मी बाईंना पत्रासोबत पाठवली आणि प्रसंग कोणी व का काढला होता, ते आडपडदा न ठेवता लिहिले. दहा दिवसांनी त्यांचे उत्तर आले, या वेळी एकच पान. पाठवलेली पाने त्यांनी आपल्या प्रतीत योग्य जागी डकवली होती आणि पुस्तक पहिल्यापासून पुन्हा वाचले होते. आता नायिकेचा नवरा त्यांना पुन्हा आपला वाटत होता. पण शेवटी त्यांनी एक प्रश्न विचारला होता: गाडी दिसताच त्याने दिवा मालवला, हे ठीक, तिला फोन करून सावध का केले नाही? इतकी वर्षे दिव्यावरच सगळे सांगायची सवय लागली, म्हणून की त्या रात्री तिच्या फोनवर त्याचाही विश्वास उरला नव्हता?

मी तो प्रश्न जसाच्या तसा लेखिकेला कळवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. अठराव्या पुस्तकाचे पहिले प्रकरण बाजूला ठेवा, म्हणाल्या, ते आता जिन्यावरून सुरू होईल.